परीक्षा यंत्राची, आपली नव्हे!

‘‘ताई, प्लीज, तुम्ही काही सांगू नका ना!’’

एकवीस-बावीस वर्षांच्या त्या मुलीने मला तिसऱ्यांदा गप्प केलं, तेव्हा मात्र मला जरा रागच आला. पंधरा वर्षं मी या वाडीवस्तीवरच्या बचत गटांत वावरते आहे. समोर आमच्या गटातल्या एक काकू त्या नव्या यंत्राशी झटत होत्या. त्यांनी स्वच्छ पाण्याची नळी सोडून नेमकी दुसऱ्याच नळीखाली कळशी लावली होती. ती नळी गाळाच्या पाण्याची! मला ढळढळीत दिसत होतं, आणि तरी बोलायचं नाही? मी तोंडाला पदर लावून बसले. काकू मात्र घामाघूम होऊन दांडा फिरवत होत्या आणि कळशीत गढूळ पाणी पडत होतं.

शेवटी काकूंनीच कपाळाला हात लावला. ‘‘आगं बया! हे तर विहिरीपरीस गढूळ! माजंच चुकलं.’’

ती मुलगी पटकन म्हणाली, ‘‘नाही काकू, तुमचं नाही चुकलं. आमचं चुकलं. दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात ना?’’ आणि तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मैत्रिणींनो, खरं सांगते, ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. बाईला एखादी वस्तू वापरता आली नाही, तर दोष वस्तूचा असू शकतो, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. उलटच केलं होतं. ते पुढे येईलच.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. आमच्या तालुक्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली पाच मुलं मला शोधत घरी आली. तीन मुली, दोन मुलगे. त्यांनी विजेशिवाय चालणारं पाणी शुद्ध करायचं यंत्र बनवलं होतं. आमच्याकडे आता बऱ्याच घरांत नळ आलाय, पण पाणी येतं चार दिवसांनी. मग विहीर, हातपंप, टँकर, मिळेल ते पाणी भरून ठेवायचं. विजेवरचा प्युरिफायर घ्यायचा तर विजेचा भरवसा नाही. त्यामुळे माणसाच्या जोरावर चालणारं यंत्र ही कल्पना मला एकदम आवडली.

मी विचारलं, ‘‘मग बायकांना शिकवायला कधी येताय?’’

‘‘शिकवायला नाही, बायकांकडून शिकायला यायचंय,’’ ती मुलं म्हणाली. त्यांच्या भाषेत याला ‘युजेबिलिटी टेस्टिंग’ म्हणतात. म्हणजे वस्तू बनवणाऱ्याने गप्प बसायचं, वापरणाऱ्याच्या हातात ती द्यायची, आणि कुठे अडखळतंय ते नुसतं बघायचं. हजार लोकांची पाहणी लागत नाही. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली लिहून ठेवलंय, की पाच माणसांनी वस्तू वापरून पाहिली तरी साधारण ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात. त्या सुधाराव्या आणि पुन्हा नव्या पाच जणांना द्यावी. सुनेने केलेली नवी भाजी आधी घरच्यांना चाखवायची आणि मग पंगतीला वाढायची, तसंच हे!

आम्ही सहा घरं निवडली. मुलांच्या मार्गदर्शक बाईंनी एक अट घातली होती, ती मला फार पटली. परीक्षा चालू असेपर्यंत यंत्रातून काढलेलं पाणीसुद्धा मेडिक्लोरचे थेंब टाकूनच किंवा उकळूनच प्यायचं. यंत्र अजून पास झालेलं नाही, तर त्याच्या भरवशावर कुणाच्या लेकराचं पोट कशाला ठेवायचं?

आता यंत्राबद्दल थोडं. दांडा फिरवला की पंप पाणी ओढतो, आधी जाळीतून आणि मग मेंब्रेनमधून, म्हणजे बारीक पोकळ नळ्यांच्या जुडग्यातून ढकलतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. या नळ्यांची छिद्रं त्या मायक्रॉनच्याही शंभराव्या भागाएवढी. पाणी जातं, गाळ आणि जंतू अडतात. पण पाण्यात विरघळलेलं मीठ, फ्लोराइड, नायट्रेट यातून अडत नाही, हेही मुलांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. अडलेला गाळ काढायला रोज एक खटका फिरवून पाणी उलटं सोडायचं. तेच ते गढूळ पाण्याच्या नळीचं काम.

खरं तर त्यांचं पहिलं यंत्र पायडलचं होतं. त्यालाही कारण होतं. धडधाकट माणूस पायडल मारत तासभर साधारण ७५ वॅट जोर देऊ शकतो. हातात तेवढी ताकद नसते. अमेरिकेत ‘आयडिओ’ नावाच्या कंपनीच्या मंडळींनी अशी तीनचाकी सायकल केली होती. पाणी भरून आणता आणता पायडलच्याच जोरावर ते गाळलं जायचं. २००८ च्या सुमारास तिला स्पर्धेत बक्षीसही मिळालं. मुलांना तीच कल्पना भावली होती.

पण आमच्या वाडीत ते यंत्र दहा मिनिटंसुद्धा टिकलं नाही. एका वहिनींनी साडीचा घोळ हातात धरून त्याच्याकडे चहूबाजूंनी पाहिलं आणि विचारलं, ‘‘ह्याच्यावर बसायचं कसं? आन् वसरीवर मामंजी बसल्यालं असत्यात, त्यांच्याम्होरं पाय मारत बसू व्हय मी?’’ बायका खो खो हसल्या. मुलं मात्र हसली नाहीत. पंधरा दिवसांनी ती हाताच्या दांड्याचं यंत्र घेऊन आली. तेच हे काकूंचं यंत्र.

पहिला दिवस समाजमंदिरात गेला. मुलं प्रत्येकीला एवढंच सांगायची, ‘‘हे पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. यातून एक कळशी पिण्याचं पाणी काढून दाखवा. आणि मनात येईल ते मोठ्याने बोला.’’ बस. बाकी काही सांगायचं नाही.

सगळं झाल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारलं, तर सहाच्या सहाही जणी म्हणाल्या, ‘‘छान हाय!’’ पाहुण्याने कौतुकाने आणलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? आपल्याकडे ती रीतच नाही. मग त्या मुलीने प्रश्न फिरवला. ‘‘समजा, उद्या तुमच्या जावेला हे शिकवायचंय. तिला काय काय सांभाळायला सांगाल?’’

आणि मग काय विचारता! बांध फुटावा तशा बायका बोलायला लागल्या. ‘‘तिला म्हनंन, आधी कंबर कसून घे, दांडा लई खाली हाय.’’ ‘‘म्हनंन, कळशी वाकडी धर, तोटीखाली उभी बसत न्हाई.’’ ‘‘आवाज लई करतंय, पहाटं लावू नको, पोरं उठत्याल.’’ ‘‘ह्या खटक्याला हात लावू नको, मोडंल.’’ हा शेवटचा खटका म्हणजे रोज धुवायचा तोच! मोडेल या भीतीने त्याला कुणी शिवणारच नव्हतं. चार दिवसांत गाळाने यंत्र तुंबलं असतं आणि आपण म्हटलं असतं, बायकांनी नीट ठेवलं नाही.

कॉलेजात वीस लिटर पाणी बारा मिनिटांत निघत होतं. आमच्याकडे मध्ये थांबत, हात बदलत पंचवीस मिनिटं लागली. कॉलेजात दांडा फिरवणारा होता बावीस वर्षांचा, व्यायामशाळेत जाणारा मुलगा. इथे होत्या सकाळपासून खुरपून आलेल्या बायका.

त्यानंतर यंत्रं तीन आठवडे सहा घरांत राहिली. रोज कोण वापरतं, किती वेळ, कुठे अडतं, हे टिपायचं काम माझ्याकडे होतं. दर आठवड्याला पाण्याच्या नमुन्याची बाटलीही भरायची. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर या बाटलीतलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडतं. ग्रामपंचायतीत पाण्याच्या तपासणीचं काम केलेल्या मैत्रिणींना ती ठाऊक असेल.

एका घरातली बाटली काळी झाली. मुलांची तोंडं उतरली. यंत्र उघडून पाहिलं, तर ते ठणठणीत. मग त्या मुलीने घरातल्या बाईंना म्हटलं, ‘‘रोज करता तसं एकदा करून दाखवा.’’ त्यांनी हौदातून कळशीने पाणी घेतलं, यंत्रात ओतलं आणि तीच ओली कळशी स्वच्छ पाण्याच्या तोटीखाली लावली. घरात कळशी एकच मोकळी होती, दुसरी कुठून आणणार? यंत्र करणाऱ्यांनी सगळा हिशेब केला होता, पण घरात भांडी किती, हा हिशेब कुणी केलाच नव्हता.

आता ज्याबद्दल मला मनापासून बोलायचंय ते सांगते.

त्या सहा घरांतलं एक घर मी मुद्दाम निवडलं होतं. चार वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाने वर्गणी काढून याच वाडीत कँडलचे फिल्टर वाटले होते. हार, फोटो, भाषणं सगळं झालं. सहा महिन्यांनी मी गेले, तर कुणाच्या फिल्टरमध्ये शेंगदाणे, कुणाच्यात बाजरीचं बियाणं. माझा पारा चढला. बैठकीत मी बायकांना चांगलंच फैलावर घेतलं. ‘‘फुकटची किंमत नसते तुम्हाला,’’ असंही म्हणाले. आज ते आठवलं की लाज वाटते.

त्याच पावसाळ्यात वाडीत काविळीची साथ आली. या घरातली धाकटी सून सहा महिन्यांची गरोदर होती. पाण्यातून पसरणारी ‘हिपॅटायटिस ई’ ही कावीळ गरोदर बाईला, त्यातून शेवटच्या महिन्यांत, फार घातक ठरते. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं. ती वाचली. बाळ मात्र राहिलं नाही.

मी भेटायला गेले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘अगं, फिल्टर होता ना घरात?’’

तिने नुसतं भिंतीकडे तोंड फिरवलं. बोलल्या त्या तिच्या सासूबाई. ‘‘ताई, त्यो थेंब थेंब गळायचा. नऊ मानसांचं घर हाय आमचं. तिनं किती येळा भरावा?’’

त्या दिवशी मी हिशेब केला नव्हता, तो आता केला. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या जुन्या, माणशी चाळीस लिटरच्या निकषात पिण्यासाठी तीन आणि स्वयंपाकासाठी पाच लिटर धरत असत. नऊ माणसांना नुसतं पिण्याचंच सत्तावीस लिटर झालं. तो फिल्टर तासाला जेमतेम लिटर-दीड लिटर गाळायचा. म्हणजे दिवसरात्र कुणीतरी त्याच्याशेजारी बसायला हवं होतं! शिवाय नंतर डॉक्टरांनी सांगितलं, की साध्या कँडलमधून काविळीचे विषाणू अडत नाहीत. ते जंतूंपेक्षाही कितीतरी बारीक. साथीत पाणी उकळणं किंवा क्लोरीन हाच उपाय. म्हणजे आम्ही वाटलेली वस्तू घराला पुरणारी नव्हती आणि त्या आजाराला तर नव्हतीच. वाटण्याआधी एका तरी घरात ती आठ दिवस ठेवून पाहिली असती, तर निदान पहिली गोष्ट कळली असती. मी पाहिली नाही. आणि वर बोल लावला तो तिलाच.

या खेपेला तिच्याच घरात यंत्र ठेवलं. ती कमी बोलते. तिसऱ्या आठवड्यात मी वही घेऊन गेले, तेव्हा मात्र ती चुलीपुढून उठून आली.

‘‘ताई, मशीन चांगलं हाय. पानी गोड लागतंय. पर ते चालवायचं कुनी, हे कुनी इचारलंच न्हाई.’’

मी वहीची पानं मागे उलटली. ‘कोण वापरतं’ या रकान्यात पहिल्या दिवशी सहाही घरांत ‘सून’ किंवा ‘आई’ होतं. तिसऱ्या आठवड्यात चार घरांत ‘मुलगी’ लिहिलेलं होतं. आठवीतली, सातवीतली, एका घरात तर पाचवीतली. मीच माझ्या हाताने लिहिलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. पंचवीस मिनिटांना वीस लिटर, म्हणजे नऊ माणसांच्या घरात नुसत्या पिण्याच्या पाण्याला रोजचा अर्धा तास. आईला पहाटे तो अर्धा तास नाही. मग पोरीने शाळेआधी दांडा फिरवायचा. भाऊ त्या वेळी अंथरुणात.

‘माणसाच्या जोरावर चालणारं’ असं आपण कौतुकाने म्हणतो. हे माणूस घरातलं कोण, ते आधी विचारायला हवं.

हे फक्त आमच्याच वाडीत झालंय असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत ‘प्लेपंप’ नावाचा पंप निघाला होता. मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचं आणि त्या खेळातून विहिरीचं पाणी टाकीत चढायचं. किती गोड कल्पना! २००६ साली अमेरिकेतून कोट्यवधी डॉलरची मदत जाहीर झाली, चार हजार पंप बसवायचं ठरलं. पण मुलं दिवसभर थोडीच खेळतात? ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने २००९ मध्ये हिशेब मांडला, की ठरवलेलं पाणी काढायचं तर मुलांना दिवसाचे सत्तावीस तास खेळावं लागेल! शेवटी ते जड चक्र ढकलायची वेळ गावातल्या बायकांवर, म्हाताऱ्यांवर आली. साधा हातपंपच बरा होता, असं त्यांचं म्हणणं पडलं. बसवण्याआधी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

याउलट आपला रस्त्याकडेचा हातपंप बघा. पूर्वीचे बिडाचे पंप एका कुटुंबासाठी केलेले असायचे, ते अख्ख्या गावाच्या वापराने मोडून पडत. मग जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या कामातून दणकट पंप तयार झाले. त्या ‘सोलापूर पंपा’वरून युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ आला. तेवढ्यावर थांबले नाहीत. १९८३ ते ८८ अशी पाच वर्षं कोइमतूर भागात गावोगावच्या पंपांवर चाचण्या झाल्या आणि कमी अवजारांत, गावातच दुरुस्त होईल असा ‘मार्क थ्री’ निघाला. चाचणी म्हणतात ती अशी.

आणि बांगलादेशातल्या साड्यांची गोष्ट तर मला फारच आवडते. रिटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या मतलब भागात बायकांना जुनी सुती साडी चार ते आठ पदरी करून त्यातून पाणी गाळायला सांगितलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात, ते कापडात अडकतात. २००३ साली निष्कर्ष आले, पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं होतं. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं, तर ३१ टक्के बायका अजून पाणी गाळत होत्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणी साडीनेच. का? साडी घरातलीच, वापर माहितीचा, धुवायची कशी ते सांगायला नको. अर्थात साडीने काविळीचा विषाणू अडत नाही. गाळल्यावर उकळणं किंवा क्लोरीन हवंच.

आमच्या मुलांनी धाकट्या सुनेचं म्हणणं वहीत सगळ्यात वर लिहिलं. दिवाळीनंतर ती नवं यंत्र घेऊन आली. गोल फिरवायचा दांडा गेला आणि हातपंपासारखा उभ्याने, अंगाचा भार टाकून दाबायचा लांब दांडा आला. हाताऐवजी अख्ख्या अंगाचं वजन कामाला लागलं. वीस लिटरला आता पंधरा-सोळा मिनिटं लागतात. स्वच्छ पाणी थेट झाकणाच्या, तोटीच्या डब्यात पडतं, त्यामुळे कळशीचा प्रश्नच मिटला. गढूळ पाण्याची नळी लाल केली आणि मागच्या बाजूला नेली. धुवायचा खटका चांगला मूठभर मोठा केला.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. सहांपैकी दोन घरांनी यंत्र परत केलं. एकीचा खांदा दुखतो, दुसरीच्या घरात ते ठेवायला जागा नाही. त्यांचं परत करणंसुद्धा मुलांनी लिहून घेतलं. मेंब्रेन खराब झाल्यावर नवं कुठून आणि केवढ्याला मिळणार, याचं उत्तर अजून त्यांच्याकडे नाही. ते मिळेपर्यंत आमचं मंडळ हे यंत्र कुणाला वाटणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात कुणी ना कुणी काही वाटायला येतं. फिल्टर, चूल, शिलाई यंत्र. आपणही दुकानातून घरात वस्तू आणतो. घेण्याआधी एवढं नक्की करा. आपल्या घरची कळशी, आपलं पातेलं त्याखाली बसतं का ते लावून बघा. दिवसाला घराला लागतं तेवढं पाणी त्यातून किती वेळात निघतं, ते घड्याळ लावून मोजा. धुवायचं कसं ते विक्रेत्याला करायला न लावता स्वतः करून बघा. ते काय अडवतं आणि काय अडवत नाही, ते विचारा. आणि रोज ते कोण चालवणार, हे घरातल्या सगळ्यांसमोर ठरवा. जमलं नाही तर ‘मला मेलीला काही कळत नाही’ असं मात्र म्हणू नका.

परवा सहज त्या घरी गेले होते. सकाळची साडेसहाची वेळ. ओसरीत दहावीतला मुलगा दांडा दाबत होता आणि बहीण शेजारी दप्तर भरत होती. मी त्याला शाबासकी देणार, तोच धाकटी सून आतून म्हणाली, ‘‘त्याला शाबासकी देऊ नका ताई. पोरगी करत होती तवा कुनी दिली न्हाई.’’

या वेळी मला कुणी गप्प करावं लागलं नाही. मी आपणहूनच गप्प बसले आणि वहीत लिहून घेतलं.